पिंपळी : पैठणची वाट, वऱ्हाडचा मळा

पिंपळी ही नागवेल आणि काळी मिरी यांच्याच कुळातली बहुवर्षायू वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव पायपर लाँगम. खोड नाजूक, पेरापेरांवर फुगीर आणि जमिनीलगत सरपटणारे. पेर मातीला टेकले की तिथे मुळे फुटतात आणि एकच वेल हळूहळू मोठा तुकडा झाकून टाकते. खालची पाने लांब देठांची आणि हृदयाच्या आकाराची असतात, तर वरच्या पानांना देठ नसतो आणि ती खोडाला बिलगून येतात. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. मादी वेलीवर बोटाच्या पेराएवढी आखूड, उभी कणसे येतात. ती आधी हिरवी असतात, पक्व होताना काळपट होतात आणि वाळल्यावर तपकिरी-काळी दिसतात. शेकडो बारीक फळे एकमेकांना चिकटून एकेक कणीस तयार होते. बाजारात लेंडी पिंपळी म्हणून मिळते ती हीच. वेलीची जाड मुळे आणि खोडाचे तुकडे वाळवून पिंपळमूळ या नावाने वेगळे विकले जातात.

तिचे मूळ घर दमट जंगलाच्या तळाशी आहे. हिमालयाचा पूर्वेकडील पायथा, आसाम, खासी टेकड्या, बंगाल आणि दक्षिण सह्याद्रीची सदाहरित राने या भागांत ती आपोआप उगवते. उंच झाडांच्या पानांतून गाळून आलेला प्रकाश, कुजलेल्या पालापाचोळ्याची भुसभुशीत माती आणि वर्षभर टिकणारा ओलावा एवढे तिला पुरते. तिची मुळे उथळ आणि पाने पातळ असल्याने उघड्या उन्हात पाने करपतात, माती सुकताच वेल मान टाकते. पाणी साचलेलेही तिला चालत नाही. तिचा पुढचा सगळा इतिहास या सावलीच्या गरजेभोवती फिरतो.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात ही गरज निसर्गाकडून भागत नाही. या जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. सातमाळ्याच्या डोंगरांतले, गौताळ्याच्या रानातले जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, सालई, धावडा, पळस, अंजन ही तिथली झाडे. त्यांतल्या बहुतेकांची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात, म्हणजे पिंपळीला छायेची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी जंगलाचा तळ उघडा पडतो. त्यामुळे या भूमीत पिंपळी रानातून गोळा करायची वस्तू नव्हती. ती आली व्यापाऱ्याच्या गोणीतून आणि वैद्याच्या बटव्यातून.

वैद्यकातले स्थान

आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत पिंपळीइतकी वारंवार भेटणारी औषधे थोडी आहेत. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे पंचकोल होते. खोकला, दमा, अग्निमांद्य, जुना ताप, प्लीहेचे विकार अशा अनेक ठिकाणी तिची योजना सांगितलेली आहे. चरकसंहितेच्या रसायन प्रकरणात वर्धमान पिप्पली नावाचा प्रयोग येतो. पहिल्या दिवशी दहा पिंपळ्या, मग रोज दहा वाढवत दहाव्या दिवशी शंभर आणि पुन्हा रोज दहा कमी करत दहावर यायचे, असा तो क्रम आहे. दुधाबरोबर घ्यायच्या या पिंपळ्यांची एकूण संख्या बरोबर एक हजार होते. अशा औषधाला पुरवठाही मोठा आणि नियमित लागणार, हे उघड आहे. त्याच चरकसंहितेच्या विमानस्थानात मात्र पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये अति प्रमाणात वापरू नयेत, असा इशाराही दिलेला आहे.

महाराष्ट्रात या परंपरेतून चौसष्ट प्रहरी पिंपळी घरोघरी पोचली. पिंपळीचे चूर्ण खलात घालून चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ दिवस आणि आठ रात्री, न थांबता खलायचे अशी तिची कृती आहे. ती मधातून चाटवली जाते. बाळंतिणीच्या लाडवांत पिंपळमूळ पडते. सर्दी-खोकल्याच्या काढ्यातही लेंडी पिंपळी असते.

पैठण, पितळखोरे आणि भडोच

औषधी आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराचा सर्वांत जुना स्थानिक पुरावा याच जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे. कन्नड तालुक्यातल्या पितळखोरे येथील बौद्ध लेण्यांत इसवी सनापूर्वीच्या काळातले ब्राह्मी दानलेख आहेत. एका खांबावरच्या लेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या कुळाने तो खांब दान दिल्याचे म्हटले आहे. त्याच लेण्यातल्या आणखी लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याने आणि त्याच्या घरच्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. औषधी मुळ्या, साली आणि फळेही बहुधा याच पेठेतून वैद्यापर्यंत जात. गंधिकाने काय काय विकले याची यादी लेखात नाही. तरी पैठणची पेठ आणि राजाचा वैद्य एकाच लेण्याचे दाते असावेत, यावरून त्या काळात या व्यवसायांकडे किती संपत्ती होती ते समजते.

पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, गोदावरीच्या काठावर होते आणि त्याचा माल भडोचच्या बंदरात उतरत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत त्याचे वर्णन आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे हा लेखक सांगतो. या दोन्ही गावांतून गाड्यांवर लादलेला माल अवघड वाटांनी भडोचला येई. पैठणहून मुख्यतः गोमेदासारखे रंगीत दगड येत, तर तगरहून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड येई.

भडोचहून परदेशी जाणाऱ्या मालाची याच ग्रंथातली यादी पिंपळीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, दगड, सुती आणि रेशमी कापड यांबरोबर तीत लांब मिरीचे, म्हणजे पिंपळीचे, नाव आहे. काळी मिरी मात्र भडोचच्या यादीत नसून मलबार किनाऱ्याच्या बंदरांच्या यादीत आहे. दोन मिऱ्यांच्या दोन वाटा इथे स्पष्ट दिसतात. काळी मिरी जिथे पिकत होती त्याच किनाऱ्यावरून थेट जहाजात चढत होती. पिंपळी दूरच्या दमट रानांतून एका हातातून दुसऱ्या हातात जात भडोचला येत होती. ग्रंथकाराने ती पैठणहून आल्याचे म्हटलेले नाही. पण पैठणचे व्यापारी ज्या बंदरात आपला माल उतरवत होते, तिथल्या गोदामांत ती होती.

रोमच्या बाजारात

ग्रीकांना पिंपळी ‘पेरिप्लस’च्याही आधीपासून ठाऊक होती. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या थिओफ्रास्टसने वनस्पतींवरच्या ग्रंथात मिरीचे दोन प्रकार दिले आहेत. एक गोल आणि दुसरा लांबट, काळा, खसखशीसारख्या बारीक दाण्यांचा. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा पुष्कळ जहाल असल्याचे तो नोंदवतो. ग्रीक ‘पेपेरी’ हा शब्द भारतीय ‘पिप्पली’वरूनच गेलेला आहे. युरोपातल्या भाषांत काळ्या मिरीला आज जे नाव आहे, ते मुळात पिंपळीचे होते.

रोमन साम्राज्यात पिंपळीला काळ्या मिरीपेक्षा खूप जास्त भाव होता. पहिल्या शतकातल्या प्लिनीने एका पौंडाचे भाव दिले आहेत ते असे : पिंपळी १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी मिरी ४. इतक्या महाग वस्तूत भेसळ होणारच. अलेक्झांड्रियाच्या मोहरीने पिंपळीत भेसळ करतात, अशी तक्रारही त्याने केली आहे. भारताशी होणाऱ्या व्यापारापायी दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स साम्राज्याबाहेर जातात, हे त्याचे प्रसिद्ध वाक्य याच काळातले. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अलेक्झांड्रियात पूर्वेकडच्या ज्या मालावर जकात घेतली जाई, त्याची यादी पुढे रोमन कायद्याच्या संग्रहात आली. तीत लांब मिरी आणि पांढरी मिरी आहेत, काळी मिरी नाही. सर्वसामान्यांच्या स्वयंपाकाची मिरी आणि श्रीमंतांची मिरी असा भेद त्यातून दिसतो.

ही महाग वस्तू नेमकी कशावर येते, हे विकत घेणाऱ्यांना माहीत नव्हते. वैद्य डायोस्कोरिडीजचा समज असा होता की पिंपळी म्हणजे काळ्या मिरीच्याच झाडाचे कोवळे फळ आणि पुढे त्यातूनच मिरीचे दाणे निघतात. हा गोंधळ युरोपात दीड हजार वर्षे टिकला.

देवगिरी ते औरंगाबाद

यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, देवगिरी हे वैद्यकाच्या लेखनाचे केंद्र बनले. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध असला तरी वैद्याचा मुलगा होता. त्याच्या नावावर ‘शतश्लोकी’ हा औषधी योगांचा ग्रंथ आहे. वडील केशव यांच्या ‘सिद्धमंत्र’ या द्रव्यगुणावरच्या ग्रंथावर त्याने टीकाही लिहिली. ज्या ‘अष्टांगहृदया’चे विवरण देवगिरीला झाले, त्यात पिंपळीचे योग पानोपानी आहेत. दख्खनच्या कोरड्या पठारावर बसून हे पंडित दमट रानातल्या वेलीचे गुण तपशिलाने लिहीत होते, यावरून तिचा पुरवठा खंडला नव्हता असे म्हणता येते.

पुढे देवगिरीचे दौलताबाद झाले. मलिक अंबरने १६१० मध्ये जवळच्या खडकी गावी शहर वसवले आणि १६५३ नंतर ते औरंगाबाद म्हणून ओळखले जाऊ लागले. मुघल आणि नंतर निजाम यांच्या राजवटींत इथे वैद्यांच्या शेजारी हकिमांचे दवाखाने आले. युनानी वैद्यकात पिंपळीला ‘फिलफिल दराज’ किंवा ‘दार फिलफिल’ म्हणतात आणि पचनाच्या अनेक पाकांत ती पडते. म्हणजे राजवट बदलली, औषधाची भाषा बदलली, तरी द्रव्य तेच राहिले. मलिक अंबरने नहरीचे पाणी शहरात खेळवले आणि बागा उभ्या राहिल्या. पण त्या होत्या फळझाडांच्या आणि फुलांच्या. पिंपळी तेव्हाही बाहेरूनच येत राहिली.

ओळख पटली आणि मागणी ओसरली

पिंपळी आणि काळी मिरी यांचा गोंधळ सुटायला सुरुवात झाली ती गोव्यात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. लांब मिरी ही काळ्या मिरीच्या वेलीवर येत नाही, तिची वनस्पती वेगळी आहे आणि ती बंगालकडून येते, असे त्याने मांडले. पुढच्या शतकात मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने १६७८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात पिंपळीचे चित्र ‘काट्टु तिर्पली’ या मल्याळम नावाखाली छापले. १७५३ मध्ये लिनीयसने तिला पायपर लाँगम हे नाव दिले.

पण ही ओळख पटेपर्यंत युरोपातली मागणी ओसरत चालली होती. सागरी मार्ग खुला झाल्यावर काळी मिरी जहाजे भरभरून जाऊ लागली आणि स्वस्त झाली. कणसाच्या रूपात वाळवलेली पिंपळी ओलावा धरते आणि तिला बुरशी, कीड लवकर लागते. गोल, कडक मिरी लांबच्या प्रवासात जास्त टिकते. त्यात अमेरिकेतून मिरची आली. ती कुठल्याही उघड्या शेतात, एका हंगामात आणि सावलीशिवाय येते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती भारतात आणली आणि पुढच्या दोन-तीन शतकांत तिने देशभरच्या स्वयंपाकघरांतला तिखटपणा आपल्या ताब्यात घेतला. भारतातही पिंपळी मसाल्याच्या डब्यातून निघून औषधाच्या डब्यात गेली. तिथे मात्र तिची जागा कोणी घेतली नाही.

वऱ्हाडातला मळा

महाराष्ट्रात पिंपळीची शेती प्रामुख्याने एका पट्ट्यात रुजली. अजिंठ्याच्या डोंगररांगा ओलांडून उत्तर-पूर्वेला गेले की पूर्णेच्या खोऱ्यापलीकडे सातपुड्याचा पायथा लागतो. अकोला जिल्ह्यातले अकोट आणि तेल्हारा तालुके, अमरावती जिल्ह्यातला अंजनगाव सुर्जी तालुका हा तो पट्टा. इथे या पिकाला पानपिंपरी म्हणतात. अंजनगाव सुर्जी इतिहासात माहीत आहे ते तहामुळे. असई आणि आडगावच्या पराभवांनंतर दौलतराव शिंद्यांनी ३० डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी केलेला तह इथलाच. त्या तहात शिंद्यांनी जो मुलूख सोडला, त्यात एके काळी पिंपळी परदेशी पाठवणारे भडोचही होते.

पानपिंपरी इथे पिकवली ती बारी समाजाने. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या नागवेलीचे पानमळे करणारा. पानमळा म्हणजे कोरड्या प्रदेशात माणसाने उभी केलेली दमट, सावलीची जागा. नागवेलीलाही सावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा लागतो. त्यामुळे जलद वाढणारी झाडे दाट लावून, चहूबाजूंनी कूड घालून आणि विहिरीचे पाणी वारंवार देऊन ती जागा राखली जाई. पानमळा पवित्र मानून त्यात चप्पल न घालता शिरण्याचा रिवाज अनेक ठिकाणी होता. श्रद्धेच्या जोडीला त्यात नाजूक वेलींच्या स्वच्छतेचा व्यवहारही होता. नागवेलीसाठी कमावलेले हे कसब पिंपळीला तसेच्या तसे लागू पडले, कारण दोघी एकाच कुळातल्या आणि दोघींच्या गरजाही सारख्या.

पांगारा, हदगा आणि शेवरी ही सावलीची नेहमीची झाडे. ती निवडण्यामागे पक्का हिशेब आहे. तिन्ही शेंगवर्गीय असल्याने त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात. तिन्ही भराभर वाढतात आणि छाटणी सोसतात. हदगा आणि शेवरीची पाने बारीक पर्णिकांची असल्याने सावली विरळ, चाळणीतून पडल्यासारखी मिळते. पडलेला पाला वेलीच्या पायथ्याशी आच्छादन होतो. खोडांचा वेलीला आधारही मिळतो. जंगलाच्या तळाशी उंच झाडे, पाचोळा आणि ओलावा मिळून जे काम करतात, तेच इथे चार-पाच महिन्यांत उभे केले जाते.

लागवड बियांनी न करता खोडाच्या तुकड्यांनी होते. तीन ते पाच पेरांचा तुकडा मातीत दाबला की पेरांतून मुळे फुटतात. फळ मादी वेलीलाच येत असल्याने कलमे फळणाऱ्या वेलीचीच घेतात. शेणखत भरपूर लागते आणि पाण्याचा निचरा चांगला लागतो. ओल जास्त झाली तर पाने आणि खोड कुजवणारी बुरशी वाफेच्या वाफे बसवते, हा या पिकाचा सर्वांत मोठा धोका. लागवडीनंतर साधारण सहा महिन्यांनी वेल फळू लागते. कणसे एकदम पक्व होत नसल्याने ती हाताने, वेचून वेचून, अनेक वेळा तोडावी लागतात. पूर्ण पिकण्याआधी, हिरवी-काळपट असतानाच ती खुडतात, कारण तेव्हाच तिखटपणा भरात असतो. मग चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. दहा किलो ओल्या कणसांतून वाळलेली पिंपळी जेमतेम दीड किलो हाती येते. वेलीचे उत्पन्न साधारण तीन वर्षे टिकते. त्यानंतर ती उपटून मुळे पिंपळमुळासाठी वापरता येतात.

आजची पिंपळी

पिंपळीच्या तिखटपणामागचे रसायन हळूहळू उलगडले. पिपेरिन हा घटक १८१९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड याने काळ्या मिरीतून वेगळा केला होता. तो पिंपळीतही असतो. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या भारतीय शास्त्रज्ञांनी त्रिकटूच्या अभ्यासावरून दाखवले की पिपेरिनमुळे इतर औषधे शरीरात जास्त प्रमाणात शोषली जातात. त्या संशोधनातून पुढे क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करणारे, पिपेरिन मिसळलेले औषध भारतात तयार झाले. प्राचीन वैद्य पिंपळी इतर द्रव्यांच्या जोडीने का देत, याचे एक उत्तर त्यात मिळते.

लागवडीलाही सरकारी पाठबळ मिळाले. २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने अग्रक्रमाच्या ३२ वनस्पतींत पिंपळीचा समावेश केला. केरळ कृषी विद्यापीठाने ‘विश्वम’ नावाचे वाण काढले, जे नारळाच्या बागेत झाडांखालच्या मोकळ्या जमिनीवर आंतरपीक म्हणून घेता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात औषधी वनस्पतींचे जतन आणि अभ्यास होतो. केरळात नारळ आणि वऱ्हाडात पांगारा, दोन्हीकडे तत्त्व एकच : वर झाड, खाली पिंपळी.

मराठवाड्यातही ती लावता येते, पण उघड्या वावरात नाही. आंबा, चिकू किंवा नारळ यांच्या विरळ सावलीत, वाफ्याला पाचोळ्याचे आच्छादन आणि ठिबकचे थोडे थोडे पाणी दिले तर पिंपळी जमीन झाकते, तण दाबते आणि औषधालाही मिळते. घनदाट सावलीत ती पसरते, पण फळते कमी. दुपारच्या थेट उन्हात ती उन्हाळा काढत नाही. परसबागेत झाडाखाली जिथे गवतही धड येत नाही, ती जागा तिच्यासाठी योग्य.

पिंपळीच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासात तिचा भाव चढला आणि उतरला, बंदरे बदलली, स्वयंपाकघरातली जागा गेली. सावलीची गरज मात्र बदलली नाही. जिथे निसर्गाने सावली दिली तिथे ती रानात वाढली. जिथे दिली नाही तिथे ती दुकानात मिळाली. कोरड्या मुलखात तिचे पीक घेता आले ते ज्यांनी आधी सावली पिकवली त्यांनाच. मराठवाड्यात तिची लागवड करू पाहणाऱ्याने म्हणूनच वेलीच्या आधी हदगा आणि पांगारा लावावा.